ओतिलीबाईंची बोटं

लितोव्हेल गावच्या पाणीपुरवठा कचेरीत लुबोर काडलेत्स एकतीस वर्षे संगणकांची देखभाल करत होता. गावात मात्र तो त्याच्या टापटिपीबद्दल ओळखला जाई. त्याच्या टेबलावरच्या पेन्सिली एका दिशेला टोके करून निजलेल्या असत, आणि तळघरातल्या आलुबुखारांच्या प्रत्येक बरणीवर वर्ष, महिना आणि झाडाची जागा लिहिलेली असे. त्याची बायको मिलुशे म्हणायची, "मी मेले की माझ्यावरही चिठ्ठी चिकटवशील तू. तारीख घालून."

"आणि झाकण घट्ट लावीन," लुबोर म्हणायचा.

त्याचे दुसरे एक काम होते. त्याचे कोणी पैसे देत नसे आणि ते काय आहे हे मिलुशेलाही नीटसे सांगता येत नसे. अंध माणसे संगणकावरचा मजकूर बोटांनी वाचतात त्यासाठी एक लांबट पेटी असते. तिच्यात बारीक खिळ्यांची रांग असते. ते खाली-वर होऊन ब्रेलचे ठिपके होतात. तिला सगळे 'ओळ' म्हणत. अंधांच्या संघटनेच्या तालुका शाखेतल्या सभासदांकडे अशा एकोणीस जुन्या ओळी होत्या. त्या बनवणारी कंपनी केव्हाच बंद पडली होती. पेट्या अजून धडधाकट होत्या, पण संगणकाच्या गाभ्यातून, म्हणजे ज्याला ही मंडळी कर्नल म्हणतात त्यातून, त्या पेट्यांची ओळखच काढून टाकली गेली. आता हे कोण वापरतो, असे कुठेतरी कोणीतरी ठरवले. नव्या पेटीची किंमत ऐकून शाखेचे अध्यक्ष खाली बसले होते. तेव्हा लुबोर म्हणाला, "मी बघतो." त्याला चौदा वर्षे झाली.

त्याने कर्नलला जोडायचे तीन तुकडे लिहिले. पॅच म्हणतात त्यांना, आपल्या ठिगळासारखेच. पहिल्याने पेटीची ओळख पटे, दुसऱ्याने अक्षरांचे ठिपके होत. तिसरा अगदी लहान, बावीस ओळींचा. म्हाताऱ्या पेट्यांचे खिळे वर यायचे खरे, पण वर टिकायचे नाहीत. तिसरा पॅच त्यांना थोड्या थोड्या वेळाने पुन्हा ढकलत राही. हे सगळे शिवायचे काम लुबोर हाताने करत नसे. दूर कुठेतरी यंत्रांची एक फौज त्यासाठी होती. जगातून नवा कर्नल आला की ती यंत्रे आपणहून त्याला लुबोरचे तीन पॅच लावत, सगळे बांधून बघत, आणि बांधणी झाली की त्यांच्या वेबपानावर हिरवा ठिपका येई. हिरवे झालेले आपोआप त्या एकोणीस घरी पोहोचे. एखादा पॅच बसला नाही तर ठिपका लाल होई आणि लुबोरला पत्र येई.

आणि एक नोंदवही होती. प्रत्येक बदलाखाली तारीख, नाव आणि काय केले ते लिहायची या कामात रीतच आहे. लुबोर त्यापुढे का केले हेही लिही. चौदा वर्षांत त्याची एकही नोंद कारणाशिवाय नव्हती, आणि हे तो स्वतःशी अधूनमधून म्हणूनही घेई.

सप्टेंबरातल्या एका गुरुवारी लाल ठिपक्याचे पत्र आले. नव्या कर्नलमध्ये कोणीतरी आतली मांडणी हलवली होती आणि तिसरा पॅच बसत नव्हता. तासाभराचे काम होते, फार तर दोन तासांचे. एवढ्यात फोन वाजला. मिलुशेचा भाऊ बोरेक.

"भावजी, येसेनिकच्या उतारावर अळंबी फुटलीयेत! विळ्याने कापावी इतकी! मी गाडी काढतोय, चारला तुमच्या दारात."

"उद्या गेलं तर?"

"उद्या? उद्या सगळं ओलोमोउत्स तिथे टोपल्या घेऊन उभं असेल. तुम्ही बसा तुमच्या संगणकापाशी, मी तुम्हाला फोटो पाठवतो."

लुबोरने घड्याळ पाहिले. यंत्रांना काय बांधायचे ते सांगणारी एक यादी असते. त्या यादीत तिसऱ्या पॅचच्या ओळीआधी त्याने एक छोटी खूण घातली. अशी खूण घातलेली ओळ यंत्र वाचत नाही; जणू ती लिहिलेलीच नाही. सोमवारी काढू, असे तो मनात म्हणाला. मग नोंद. 'नव्या आवृत्तीशी जुळवले,' असे त्याने लिहिले. ते खोटे नव्हते. पॅच बंद केला हे लिहिले असते तर का बंद केला हेही लिहावे लागले असते.

चाळीस मिनिटांत ठिपका हिरवा झाला. लुबोरने कपाटावरची आपली जुनी पेटी जोडून पाहिली. खिळे वर आले, अक्षरे दिसली. सगळे ठीक होते. चार वाजता तो रबरी बूट घालून दारात उभा होता.

अळंबी खरोखरच तशीच होती. बोरेक एकेका टोपीला हात लावून "अगं माझी राणी" म्हणत होता. दोन टोपल्या भरून आल्या. मिलुशेने चकत्या करून स्वयंपाकघरभर दोऱ्यांवर टांगल्या, आणि आठवडाभर घराला जंगलाचा वास येत राहिला. सोमवारी कचेरीत मुख्य नळ फुटल्याचा गोंधळ होता. मंगळवारी लुबोर ती खूण विसरला. ठिपका हिरवाच होता; हिरव्या ठिपक्याकडे कोण बघतो?

ऑक्टोबरच्या सुरुवातीला श्टर्नबेर्कहून एक पत्र आले. तिथले एक अंध मालिशवाले रोज बोटांनी वर्तमानपत्र वाचत. 'माझी ओळ दमल्यासारखी वाटते,' असे त्यांनी लिहिले होते. लुबोरने नम्रपणे उत्तर दिले: 'खिळे स्पिरिटने पुसून पाहावेत. बोटेही कोरडी असावीत.' बाकीच्या घरी तक्रार नव्हती, कारण बाकीची मंडळी एव्हाना संगणकाकडून वाचून घेत. ओळीला हात लावत ते फोन नंबर तपासण्यापुरता. दिवसाचे सहा तास ओळ वाचणारे एकच माणूस होते, आणि ते तक्रार करणारे नव्हते.

त्या ओतिलीबाई. ओतिली शेबेस्तोव्हा, जन्मापासून अंध, गावच्या संगीत शाळेत चाळीस वर्षे पियानो शिकवलेल्या. लुबोर त्यांचाच विद्यार्थी, आणि त्यांच्या शब्दांत 'सगळ्यात नेमका आणि सगळ्यात कंटाळवाणा'. निवृत्तीनंतर त्या ब्रेल छापखान्यासाठी मुद्रिते तपासत. छापण्याआधीचे प्रत्येक पुस्तक त्यांच्या बोटांखालून जाई. बाहत्तर वर्षांच्या होत्या. मधुमेह होता, एकट्या राहत, आणि आपली कॉफी आपण ओतत.

ऑक्टोबरच्या शेवटच्या शनिवारी लुबोर त्यांच्याकडे गेला. दर शरदात तो सुक्या अळंबीची एक पिशवी त्यांना नेऊन देई. दारात बूट काढून त्याने पाहुण्यांच्या सपाता पायात चढवल्या.

"लुबोर," बाई आतूनच म्हणाल्या. "डावी सपात फाटलीये, जपून. आणि तो वास काय? अळंबी?"

"हो बाई."

त्यांनी पिशवीत हात घातला, एक चकती चिमटीत घेतली, तिच्या खालच्या पापुद्र्यावरून अंगठा फिरवला. "झकास. मोठं अजून कळतं मला. बारीक तेवढं गेलं."

"बारीक म्हणजे?"

"बस. केक घे, शेजारणीने दिलाय, मला चालत नाही." त्या समोर बसल्या आणि हात मांडीवर एकमेकांत गुंतवले. "वाचणं सोडलं मी. बोटं मेली माझी, लुबोर."

लुबोरच्या हातात केकचा तुकडा होता.

"डॉक्टर वसंतातच म्हणाले होते, साखरेने बोटांच्या शिरा जातात म्हणून. मी म्हटलं, जाऊ देत पायांच्या. तर सप्टेंबरात एके दिवशी सकाळी ओळीला हात लावला आणि ठिपके... कसं सांगू. असतात, पण बोट टेकलं की नसतात. पाव खाताना आत पोकळी लागावी तसं. मला वाटलं थंडीने. हात कोमट पाण्यात धरले, साखर कमी केली, मिठाचं पाणी केलं. काही नाही."

"कागदावर वाचून बघितलंत?"

"कागदी पुस्तकं शाळेला दिली ना सगळी, ओळ आल्यावर. एक आईचं भजनांचं राहिलंय. ते साठ वर्षं वाचून सपाट झालंय. ते मी वाचत नाही, मला पाठ आहे. डॉक्टरांनी सुई टोचून पाहिली. म्हणाले, थोडं कमी झालंय, या वयात व्हायचंच." त्या हसल्या. "नाताळच्या गाण्यांचा संग्रह येणार होता तपासायला. सुरावटींसकट. सहा वर्षं मी छापखान्याच्या मागे लागले होते त्यासाठी. परवा त्यांना कळवलं, दुसरं कुणी बघा. चुकीचं पुस्तक माझ्या बोटाखालून सुटलेलं मला चालायचं नाही."

लुबोरला सगळे कळले होते. दिवस, वेळ, ती छोटीशी खूण, बोरेकची हाक, सगळे. तोंड उघडले असते तर एक वाक्य पुरले असते. त्याने केकचा तुकडा तोंडात घातला.

"आवडला?" बाईंनी विचारले.

"छान आहे."

"कधीची रे ही अळंबी?"

"सप्टेंबरची," लुबोर म्हणाला. आणि पुढे, का कोण जाणे, सवयीने तारीखही सांगितली.

घरी येऊन त्याने कोट न काढताच पेटी कपाटावरून उतरवली. चौदा वर्षांत तो त्या पेटीकडे डोळ्यांनी बघत आला होता. ठिपके वर आले की झाले. आता त्याने डोळे मिटून बोट टेकवले. खिळे बोटाखाली मऊपणे खाली बसले. पावातल्या पोकळीसारखे.

तिसरा पॅच दुरुस्त करायला त्याला चाळीस मिनिटे लागली. मिलुशे दोनदा जेवायला बोलावून गेली. यंत्रांनी बांधणी केली, ठिपका हिरवा झाला. नोंदीत त्याने लिहिले: 'तिसरा पॅच अद्ययावत केला.' हे वाक्य त्याने दोनदा वाचले आणि तसेच ठेवले. आता कोणाला काही सांगायची गरज नव्हती. उद्या बाई ओळीला हात लावतील, ठिपके घट्ट लागतील, औषधाचा गुण म्हणतील. देवाची कृपा म्हणतील. म्हणू देत.

सोमवारी त्याने कचेरीतून फोन केला. "बाई, ओळीला एकदा हात लावून बघितलात का? हवा कोरडी झालीये. कधी कधी फरक पडतो."

"मेलेल्या मांजराला रोज उठून हात लावून बघत नाहीत, लुबोर."

"तरी एकदा."

"महिनाभर मी रोज सकाळी एकदाच लावला. आता नाही. झाकून ठेवलीये. शुक्रवारी शाखेची माणसं येऊन घेऊन जाणार आहेत, प्रोस्तेयोव्हच्या एका शाळकरी मुलीला देणार आहेत. तिची बोटं नवी आहेत." "तू फोन करतोस, बरं वाटतं. पण मला असं चुचकारू नकोस."

लुबोरने फोन खाली ठेवला. लहानपणी आई त्याला चर्चमध्ये कबुलीजबाबाच्या लाकडी खोलीत पाठवी, तेव्हा तो बहिणीला चिमटा काढल्याची पापे सांगून सुटका करून घेई आणि खरे पाप खिशात तसेच राही. हे चर्चमध्ये चालून गेले होते. इथे चालणार नव्हते. तो बोलला नाही तर शुक्रवारी ओळ जाणार होती आणि बाई उरलेले आयुष्य न वाचता काढणार होत्या, तेही स्वतःच्या बोटांना दोष देत.

त्या संध्याकाळी त्याने मिलुशेला सगळे सांगितले. ती बटाटे सोलत होती. तिने सुरी खाली ठेवली.

"अळंबीसाठी?"

"हो."

"आणि केक खाल्लास? तिथे बसून?"

"हो."

"मग इथे काय बसलायस?" ती म्हणाली. "चार दारं सोडून तर राहतात."

बुधवारपर्यंत त्याला धीर झाला नाही, हेही सांगायला हवे. मंगळवारी तो बाईंच्या दारापर्यंत जाऊन दुधाच्या दुकानात शिरला आणि नको असलेले दही घेऊन परत आला. बुधवारी कचेरी सुटल्यावर गेला. सपाता घातल्या. बसला नाही.

"बाई, तुमची बोटं चांगली आहेत."

"लुबोर, मी सांगितलं तुला—"

"ओळ बिघडली होती. मी बिघडवली." आणि मग त्याने क्रमाने सांगितले: लाल ठिपका, बोरेक, खूण, नोंद. श्टर्नबेर्कच्या मालिशवाल्यांना काय उत्तर दिले तेही. शनिवारी कळूनही गप्प बसलो, मग गुपचूप दुरुस्त केले आणि फोनवर हवेचे खोटे सांगितले, हेही. स्वतःचा आवाज त्याला कचेरीतला अहवाल वाचल्यासारखा वाटत होता. दुसऱ्या आवाजात त्याला सांगता आले नसते.

बाईंनी मांडीवर हात एकमेकांत गुंतवले.

"मी जन्माची आंधळी," त्या म्हणाल्या. "पण कधी आंधळी असल्यासारखं वाटलं नव्हतं. हे सहा आठवडे वाटलं."

बाईंनी तोंड त्याच्या दिशेला वळवले.

"शनिवारी मी तुला केक दिला."

"हो."

"आणि तू छान आहे म्हणालास."

बाई उठल्या, भिंतीच्या कडेने टेबलापाशी गेल्या, ओळीवरचे फडके काढून त्याची नीट घडी घातली. संगणक सुरू होईपर्यंत त्यांनी हात मागे बांधून धरले होते. मग एक बोट टेकवले. मग आठही. ओठ हलायला लागले. अर्धे पान वाचून त्यांनी हात उचलले, रुमालाने पुसले आणि पुन्हा टेकवले. लुबोरने खिडकीकडे तोंड केले.

"छापखान्याला मी फोन करीन, आणि शुक्रवारी येऊ नका म्हणून शाखेलाही," त्या म्हणाल्या. "पण तो संग्रह गेला. सोमवारीच ब्र्नोच्या एका बाईंकडे पाठवला त्यांनी. चांगल्या आहेत त्या. सुरावटीत कच्च्या आहेत."

"मी छापखान्याला पत्र लिहितो, माझी चूक म्हणून."

"छापखान्याचं राहू दे. तुझी ती नोंदवही आहे ना, जिची तू चौदा वर्षं ऐट मिरवतोस? ती काढ. इथे. मी वाचते."

लुबोर बाईंच्या संगणकापुढे बसला आणि लिहू लागला. बाई बाजूला उभ्या राहून ओळीवर वाचत होत्या. 'काही अडचणींमुळे तिसरा पॅच तात्पुरता वगळण्यात आला होता,' त्याने लिहिले.

"'वगळण्यात आला'? कुणी वगळला? भुताने?"

त्याने खोडून 'मी वगळला' केले.

"'तात्पुरता' काढ. सहा आठवडे तात्पुरते नसतात. 'काही अडचणी' कुठल्या?"

"बाई, हे सगळं जग वाचतं. एकदा लिहिलं की पुसता येत नाही."

"म्हणूनच म्हणते. माझ्या हातून चुकीचं मुद्रित सुटत नाही. कारण लिही. तुझाच नियम ना तो?"

लुबोरने लिहिले: 'मी तिसरा पॅच बंद केला, कारण मला अळंबी गोळा करायला जायचे होते. हे मी तेव्हा नोंदवले नाही. ठिपके बोटाखाली टिकत नव्हते. मी फक्त डोळ्यांनी तपासले. वाचणाऱ्यांनी स्वतःच्या बोटांना दोष दिला. ओतिली शेबेस्तोव्हा यांनी वाचणे सोडले. समजल्यावरही मी चार दिवस गप्प होतो.'

बाईंची बोटे शेवटपर्यंत गेली, उलट फिरली आणि पुन्हा शेवटपर्यंत आली. "आता नाव."

त्याने नाव घातले. तारीख त्याने आधीच घातली होती.

"श्टर्नबेर्कच्या माणसाला आज फोन कर," त्या म्हणाल्या. "स्पिरिटने बोटं सोलून घेतली असतील बिचाऱ्याने. आणि यापुढे हिरवं झालं की आधी माझ्याकडे येईल. मी हात लावीन, मगच दुसऱ्यांना." त्यांनी त्याला बसायला सांगितले नाही, आणि दारापर्यंतही आल्या नाहीत.

तेव्हापासून तसेच चालते. यंत्रे बांधतात, ठिपका हिरवा होतो, आणि बाईंचा फोन येईपर्यंत लुबोर पुढे काही पाठवत नाही. फोनवर त्या 'ठीक' एवढेच म्हणतात. पूर्वी हवापाणी विचारायच्या.

त्या साली घरातली उरलेली सगळी अळंबी लुबोरने बोरेकला देऊन टाकली. नाताळच्या आदल्या दिवशी दुपारी बाईंच्या शेजारणीने एक झाकलेला वाडगा आणून दिला. आत जवाचा आणि अळंबीचा कुबा होता, नाताळला करतात तसा, लसूण आणि मार्जोरम घातलेला. त्यातल्या चकत्यांची जाडी मिलुशेने लगेच ओळखली.

"तुझ्याच हातच्या. मी बाईंना नेलेल्या पिशवीतल्या," लुबोर म्हणाला.

"बाईंनी पाठवलाय, संपवायला लागेल," मिलुशे म्हणाली आणि त्याच्यापुढे काटा ठेवला.

लुबोरने तो संपवला. बराच वेळ लागला. मग त्याने वाडगा धुतला, कोरडा केला, झाकण लावले आणि दिवेलागणीच्या आत चार दारे सोडून परत नेऊन दिला.